वीज गेली की लागणारा ब्रेक

आईच्या विजेच्या खुर्चीतून दिवसभर एक आवाज येत राहतो. टक्. जॉयस्टिकवरून तिचा हात सुटतो, खुर्ची हळुवार थांबते आणि क्षणभराने मागच्या चाकांतून तो आवाज येतो. खुर्ची घरी आली त्या आठवड्यात मला वाटलं, काहीतरी सैल आहे. पान्हा घेऊन मी खाली बसलेही. तो ब्रेक लागल्याचा आवाज आहे हे नंतर कळलं, आणि तो ब्रेक कसा लागतो हे कळल्यावर मी थक्क झाले.

सायकलचा ब्रेक आपण दाबला तर लागतो. या खुर्चीत सगळं उलट आहे. मोटारीच्या पाठीमागे एक चकती असते, तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा असतात आणि तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. स्प्रिंगा चकतीला कायम दाबून धरतात. गुंडाळीत वीज सोडली की ती चुंबक बनते, स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावून दाबपट्टी मागे खेचते आणि चकती मोकळी होते. म्हणजे वीज इथे ब्रेक लावत नाही, लागलेला ब्रेक सोडवते. तार तुटली, बॅटरी संपली, कंट्रोलर बंद पडला, तरी खुर्ची उतारावरून गडगडत जाणार नाही. ती आहे तिथेच घट्ट धरली जाईल. रेल्वेच्या डब्यातल्या साखळीमागे हाच विचार आहे. साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतली दाबलेली हवा निसटते, आणि हवा गेली म्हणून ब्रेक लागतो. बिघाड झाला तर यंत्र आपोआप सुरक्षित बाजूला झुकावं, ही माणसाला सुचलेल्या फार सुंदर कल्पनांपैकी एक आहे असं मला वाटतं.

ही रचना कळली की दोन सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. पहिली, चालत्या खुर्चीचं बटण बंद करू नये. जॉयस्टिक सोडली तर कंट्रोलर वेग हळूहळू उतरवतो आणि मग ब्रेक लावतो. बटण बंद केलं तर स्प्रिंगा तडक चकतीवर बसतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. दुसरी सूचना याहून महत्त्वाची. मोटारीजवळ एक छोटा खटका असतो, बॅटरी संपल्यावर खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून. तो फिरवला की चाकं मोकळी होतात आणि तेवढा वेळ खुर्चीला ब्रेकच नसतो. उतारावर तो खटका फिरवू नये, आणि खुर्चीत माणूस असताना फिरवायची वेळ आलीच तर आधी कुणीतरी मागची मूठ दोन्ही हातांनी धरावी. ढकलून झालं की खटका परत जागेवर आला का, हे मी प्रत्येक वेळी खुर्ची थोडी हलवून बघते. हलली नाही, तरच आईला बसू देते.

या खुर्चीला सुकाणूही नाही. पुढची दोन लहान चाकं नुसती मागोमाग फिरतात, दिशा ठरवतात ती मागची दोन चाकं. प्रत्येकाला स्वतंत्र मोटार असते. डावं चाक जास्त फिरलं की खुर्ची उजवीकडे वळते. नांगर वळवताना बाहेरचा बैल लांब पावलं टाकतो आणि आतला जवळजवळ जागीच फिरतो, तसंच हे. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं तर खुर्ची आहे तिथेच गर्रकन फिरते, म्हणून तर ती आमच्या अरुंद स्वयंपाकघरात वावरू शकते. ही देणगी आहे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले अभियंते जॉर्ज क्लाइन यांची. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना हाताने चाकं फिरवता येत नव्हती. त्यांच्यासाठी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी खुर्ची घडवली, तिच्यात प्रत्येक चाकाला वेगळी शक्ती होती आणि चालवायला जॉयस्टिक होती. आजची घडीची खुर्ची त्याच वंशातली.

जॉयस्टिकच्या आत काय असतं? बऱ्याच खुर्च्यांत दांडीच्या तळाशी एक चुंबक असतो आणि त्याखाली चुंबकाचा कल ओळखणारे इवलेसे संवेदक. कशाला काही घासत नाही, त्यामुळे झीजही फारशी नाही. या संवेदकांमागचं तत्त्व जुनं आहे. 1879 मध्ये एडविन हॉल या तरुण संशोधकाने पाहिलं की वीज वाहणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला तर पत्र्याच्या दोन कडांमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो. त्या किंचित दाबावर आज माझी आई देवघरापासून गॅलरीपर्यंत जाते. चांगल्या रचनेत संवेदकांची जोडी असते आणि कंट्रोलर दोघांची साक्ष ताडून बघतो. जुळली नाही तर चालायला नकार देतो. सुरू करताना दांडी मधोमध नसली तरीही तो नकार देतो. खुर्ची बिघडली समजून लोक दुरुस्तीवाल्याला फोन लावतात. आधी दांडीवरचा हात काढावा, बटण बंद करून पुन्हा सुरू करावं. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

मात्र हात आणि पदर यांतला फरक या दांडीला कळत नाही. साडीचा काठ, शालीचं टोक किंवा नातवाचं कोपर लागलं तरी तिच्या दृष्टीने तो हुकूमच. म्हणून बसण्याआधी आणि उठण्याआधी बटण बंद. आणि उठताना पाय ठेवायची पट्टी वर दुमडलेली हवी. पट्टीवर उभं राहिलं की सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे जातं आणि खुर्ची तोंडावर येते.

आता रस्त्याकडे येऊ. 70 किलोचा माणूस आणि 25 किलोची खुर्ची मिळून 95 किलो झाले. गुळगुळीत सपाट फरशीवर हे ओझं ताशी 4 किलोमीटरने हलवायला चाकांपाशी साधारण 20 वॉट पुरतात. एका एलईडी ट्यूबलाइटइतकी शक्ती! गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला ते चुकलंय असं वाटलं, म्हणून पुन्हा करून पाहिलं. चाक या शोधाची थोरवी त्या आकड्यात आहे. हेच ओझं 1:12 च्या रॅम्पवर, म्हणजे 12 फुटांत 1 फूट चढणाऱ्या उतारावर आणलं, की त्याच वेगाला 100 वॉटच्या वर लागतात. एकदम पाचपट. पुस्तिकेत छापलेला एका चार्जमधल्या किलोमीटरचा आकडा सपाट जागेवरचा असतो. चढ, खडबडीत रस्ता आणि वारंवार थांबणं-निघणं यांत तो भराभर खाली येतो. म्हणून बॅटरी निम्मी उरली की घराकडे वळावं.

चढावर शक्तीपेक्षा तोलाची काळजी मोठी. घडीची खुर्ची हलकी असते, एकूण वजनात बसलेल्या माणसाचाच वाटा मोठा. चढताना तोल मागे सरकतो. मागे लावलेली दोन छोटी चाकं खुर्ची उलटू नये म्हणून असतात, ती अडचण म्हणून काढून ठेवू नयेत. मुठीला भाजीची जड पिशवी अडकवली तर तोल आणखी मागे जातो, ती सीटखाली ठेवावी. चढ-उतारावर सरळ जावं, तिरकं नाही, आणि मध्यावर वळू नये. उतरताना वेग सगळ्यात कमी ठेवावा, पट्टा बांधलेला असावा.

उतारावर आणखी एक नवल घडतं. खुर्ची आपल्याच वजनाने खाली जाऊ लागली की मोटार जनित्र बनते आणि वीज उलटी बॅटरीकडे धावते. मोटार आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जागा नसते, दाब चढतो आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला खुर्ची अडवू शकतो. घर टेकाडावर असेल तर नुकतीच पूर्ण चार्ज झालेली खुर्ची घेऊन मोठा उतार उतरू नये.

घडीबद्दल थोडक्यात. सीटखालची कैचीसारखी मिटणारी चौकट 1930च्या दशकात अमेरिकेत रुळली. खाणीतल्या अपघातात पाठीला इजा झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांना मोटारगाडीत मावणारी खुर्ची हवी होती. घडी घालताना बोटं कैचीत नसावीत. बॅटरी काढून मगच उचलावी, तीही चौकटीला धरून. हात टेकायच्या दांड्या निघून येऊ शकतात.

बॅटरीवर मात्र थांबायला हवं. ज्या लिथियम-आयन बॅटरीमुळे या खुर्च्या डिकीत मावू लागल्या, तिच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या चार्जरवरचा कागद वाचून पाहा. बऱ्याच खुर्च्यांच्या चार्जरवर 29.4 व्होल्ट असा विचित्र आकडा असतो. बॅटरीत सात घटांची ओळ असते आणि पूर्ण भरलेला प्रत्येक घट 4.2 व्होल्टचा, सात गुणिले 4.2. हा हिशेब काटेकोर असल्यामुळेच पिन बसते म्हणून दुसऱ्या गाडीचा चार्जर लावणं धोक्याचं.

प्रत्येक घटात दोन थरांमध्ये माणसाच्या केसाहून पातळ असा पडदा असतो. त्यातून लिथियमचे आयन जातात, पण थर एकमेकांना भिडत नाहीत. आपटण्याने, उष्णतेने किंवा चुकीच्या चार्जिंगने हा पडदा फाटला की आतली सगळी ऊर्जा उष्णता बनून बाहेर येते. फुगलेली, आपटलेली, वास मारणारी बॅटरी म्हणूनच घरात ठेवू नये. फिरून आल्यावर ती थोडी निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी. रात्री सगळे झोपलेले असताना नको, डोळ्यांसमोर असताना करावं. आणि दाराजवळच्या बोळात तर मुळीच नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच अडते. तसं झालं तर सामान सोडून आधी माणूस बाहेर काढावा आणि 101 ला फोन करावा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीत बॅटरी ठेवणं म्हणजे तिला भट्टीत ठेवणं. खुर्ची महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली असावी. पूर्ण भरलेली ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर कधीकधी पुन्हा उठतच नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करून ठेवावा. 24 गुणिले 10 म्हणजे 240 वॉट-तास. काढता येणारी एक बॅटरी असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत मर्यादा 300 ची, दोन असतील तर प्रत्येकी 160 ची. खुर्ची सामानात जाते, बॅटरी टर्मिनल झाकून आपल्यासोबत केबिनमध्ये. विमान कंपनीला किमान 48 तास आधी कळवावं.

पावसाबद्दल एवढंच की खुर्चीवर आयपीएक्स4 लिहिलेलं असेल तर ती चारी बाजूंनी उडालेले शिंतोडे सोसते. साचलेल्या पाण्यातून जाण्याची ती परवानगी नाही. मुंबई-ठाण्याच्या जुलैत हा फरक लक्षात ठेवावा.

देखभालीत मला सर्वांत कामाचे वाटतात ते चिमटा आणि छोटी कात्री. पुढच्या चाकांच्या आसाभोवती केस, दोरे, रांगोळीची पूड असं काय काय गुंडाळलं जातं आणि खुर्ची एका बाजूला ओढू लागते. दर रविवारी ते काढते, बोल्ट हाताने चाचपते. टायर हवेचे असतील तर दोन्हीकडची हवा सारखी आहे ना, हे पाहते.

एवढं करूनही आईला इमारतीबाहेर एकटीला जाता येत नव्हतं, कारण खालचा रॅम्प. दोन पायऱ्यांवर ओतलेला सिमेंटचा ढीग, इतका उभा की मागची छोटी चाकं जमिनीला घासायची. सार्वजनिक इमारतींसाठी आपल्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत 1:12 चंच प्रमाण आहे, आणि खुर्चीला इमारत कुणाची आहे याने फरक पडत नाही. आज संध्याकाळी टेप घेऊन खाली उतरा आणि तुमच्या इमारतीचा रॅम्प मोजा. दोन पायऱ्यांची मिळून उंची 30 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 3.6 मीटर लांब हवा. कमी भरला, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तो आकडा लिहून द्या.