शिडाची निगा

मीरा-भाईंदरच्या समुद्रकाठी उत्तन हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथील कोळी आज यंत्राच्या होड्या चालवितात. त्यांच्या पूर्वजांची भिस्त मात्र शिडावर असे. शर्यतीच्या होडीची भिस्त आजही शिडावरच असते. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईत झाल्या. तेव्हा फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ जातीची शिडाची होडी हाकून सुवर्णपदक मिळविले.

अशी होडी सजविताना प्रथम डोलकाठी उभी करतात आणि पुढून व दोन्ही बाजूंनी पोलादी तारा ताणून ती बांधतात. एक तार निसटली, तर भर वाऱ्यात काठी कोसळते! मग दोराने शीड वर चढवितात. मुलांनो, वाऱ्याने भरलेले शीड नीट पाहा. ते सपाट नसते. पक्ष्याच्या पंखाप्रमाणे त्याला बाक असतो. या बाकामुळेच होडी वाऱ्याच्या दिशेनेही तिरकी तिरकी चढत जाते. वारा सोसाट्याचा असला, की शीड ताणून बाक कमी करतात.

हा बाक बिघडला, तर कुशल नाविकही मागे पडतो. म्हणून किनाऱ्यास लागताच शीड गोड्या पाण्याने धुतात. कारण मिठाचे कण कापडास घासतात. नंतर ते सावलीत वाळवितात, कडक उन्हाने धागे दुबळे होतात. पूर्वीच्या सुती शिडांना ओलीने बुरशी लागे. आजचे कृत्रिम धाग्यांचे कापड कुजत नाही, परंतु घड्यांनी मोडते. ते गुंडाळूनच ठेवावे लागते. शेवटी प्रत्येक शिवण बोटांनी चाचपतात. एखादा टाका उसवलेला आढळला, तर दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीपूर्वी तो घालतात.