सॉकेट उघडलं म्हणजे काय उघडलं?

"सॉकेट उघडलंस म्हणजे नेमकं काय उघडलंस?" नेटवर्क्सच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं. मी एका सेकंदात म्हणाले, "पोर्ट, सर." माझ्या पार्टनरने शेजारून जोरात मान डोलावली. सरांनी आमचं जर्नल मिटलं, खुर्ची मशीनकडे वळवली आणि म्हणाले, "मग दाखव पोर्ट."

मित्रांनो, पुढची वीस मिनिटं कशी गेली ते सांगण्याआधी एक कबुली. आमचा सी मधला चॅट प्रोग्राम चालत होता. सीनियर्सच्या बॅचकडून आलेला, चार-पाच हॉस्टेल रूम्स फिरून आलेला तो कोड होता. आम्ही व्हेरिएबल्सची नावं बदलली होती, आणि कुठली ओळ कशासाठी आहे ते पाठ केलं होतं. कळलं मात्र नव्हतं. ते कळलं त्या ओरलमध्ये आणि नंतरच्या दोन रात्रींत. ते इथे लिहिते आहे, म्हणजे पुढच्या बॅचला निदान हा प्रश्न तरी अडवणार नाही.

सॉकेट हा प्रकार १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर बाहेर आला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधून. युनिक्समध्ये फाइल उघडली की एक आकडा मिळतो आणि पुढे सगळं वाचणं-लिहिणं त्या आकड्यावर चालतं. बर्कलेवाल्यांनी नेटवर्कलाही तोच आकडा दिला. आज विंडोजचं विनसॉक घ्या किंवा पायथॉनचं सॉकेट मोड्यूल, खालचा साचा तोच आहे.

आपण लिहितो ती ओळ अशी: सॉकेट(एएफ_आयनेट, सॉक_स्ट्रीम, ०). पहिलं म्हणजे पत्त्यांचं घराणं, इथे आयपी व्हर्जन ४. दुसरं म्हणजे वाहतुकीचा प्रकार, इथे बाईट्सचा सलग प्रवाह. तिसरं शून्य म्हणजे "या जोडीला जो नेहमीचा प्रोटोकॉल असेल तो दे", अर्थात टीसीपी. यात पोर्ट कुठे आहे? कुठेच नाही. समोरच्या मशीनचा पत्ताही नाही. सरांनी हेच बोट ठेवून दाखवलं तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

मग परत काय येतं? लायब्ररीच्या दारात बॅगा ठेवायचा काउंटर आठवा. तुम्ही बॅग देता, काका सर्वांत लहान नंबरचा रिकामा खण बघतात आणि त्या नंबरचा बिल्ला हातात ठेवतात. सॉकेट() तेवढंच करतं. कर्नल स्वतःच्या मेमरीत एक रचना तयार करतो आणि तुमच्या प्रोसेसच्या तक्त्यातला सर्वांत लहान रिकामा नंबर परत देतो. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात, म्हणून पहिलं सॉकेट बहुतेक वेळा ३ असतं. माझा ३ आणि तुमचा ३ यांचा संबंध नाही, कारण प्रत्येक प्रोसेसचा काउंटर वेगळा. काही बिनसलं तर −१ येतो आणि कारण एररनो मध्ये असतं. (हा −१ न तपासता पुढे जाणं हा आपल्या सर्व जर्नल्सचा समान गुण आहे.)

सरांनी सॉकेट() च्या पुढच्या ओळीत स्लीप(३०) टाकायला लावलं. प्रोग्राम चालू, बिल्ला मिळालेला, आणि नेटस्टॅटमध्ये आमचं नाव नाही. टीसीपीडम्पमध्ये एकही पॅकेट नाही. वायरवर काहीच घडलेलं नाही, कारण अजून कुणाशी बोलायचं तेच ठरलेलं नाही.

पोर्ट येतो बाइंड() मध्ये. पोर्ट हा १६ बिटांचा आकडा, म्हणजे ६५५३५ पर्यंत. लिनक्सवर एरवी १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, म्हणून आपण ५००० वगैरे घेतो. इथे मात्र एक गंमत आहे. इंटेलचा प्रोसेसर आकड्यातला लहान बाईट आधी ठेवतो, आणि नेटवर्कवर ठरलंय की मोठा बाईट आधी. म्हणून पोर्ट भरताना एचटीओएनएस() मधून काढायचा. पार्टनरने एकदा कोड "साफ" करताना ते काढून टाकलं होतं. सर्व्हर सुरू, एकही एरर नाही, आणि क्लायंटला "कनेक्शन रिफ्यूज्ड". अर्धी रात्र केबलला शिव्या घातल्या. नेटस्टॅट बघितल्यावर सर्व्हर ३४८३५ वर बसलेला! ५००० म्हणजे हेक्समध्ये १३८८. बाईट उलटे केले की ८८१३, आणि तेच ३४८३५. या बाईट क्रमांना "बिग एंडियन" आणि "लिटल एंडियन" ही नावं डॅनी कोहेन यांच्या १९८० सालच्या टिपणामुळे रूढ झाली. नावं आली गलिव्हरच्या गोष्टीतून, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं या भांडणातून. कॉन्व्हेंटमध्ये गलिव्हर आम्हाला होता, पण ते भांडण एक दिवस माझी झोप घालवेल असं कुठल्याही मिसने सांगितलं नव्हतं.

बाइंड मधला दुसरा सापळा पत्त्याचा. १२७.०.०.१ दिलात तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. तुमच्या रूमवर सगळं छान चालतं आणि शेजारच्या रूममधून काहीच लागत नाही. आयएनएडीडीआर_एनी दिलं की मशीनचे सगळे पत्ते आले. आणि एक ओळखीची खूण: "रिफ्यूज्ड" लगेच आलं तर बहुतेक समोरचं मशीन जिवंत आहे, त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही एवढंच. नुसतंच ताटकळत राहिलं तर मध्ये फायरवॉल पॅकेट गिळतोय का, किंवा ते मशीन तरी चालू आहे का, ते बघा.

आता लिसन() आणि ॲक्सेप्ट(). मला वाटायचं की ॲक्सेप्ट केल्यावर कनेक्शन जुळतं. सरांनी स्लीप उचलून ॲक्सेप्टच्या आधी ठेवला. सर्व्हर झोपलेला, आणि तरी क्लायंटच्या टर्मिनलवर "कनेक्टेड"! टीसीपीचा तीन पॅकेट्सचा नमस्कार-चमत्कार कर्नल स्वतःच उरकतो आणि जुळलेलं कनेक्शन रांगेत उभं करतो. ॲक्सेप्ट त्या रांगेतलं पुढचं फक्त उचलून देतो, आणि तेही नव्या बिल्ल्यावर. ३ नंबरचं सॉकेट नुसतं दाराशी बसतं, बोलणं चालतं ४ वर. पोर्ट दोघांचाही ५०००च. एका पोर्टवर शंभर गिऱ्हाइकं राहू शकतात, कारण कनेक्शनची ओळख चार गोष्टींनी पटते: दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट. क्लायंटला बाइंड लागत नाही, त्याचा पोर्ट कनेक्ट() च्या वेळी कर्नलच देऊन टाकतो.

इथपर्यंत मी थोडी सावरले होते. मग सर म्हणाले, "स्लीप काढ आणि सर्व्हर परत चालव." मी कंट्रोल-सी मारलं, कंपाइल केलं, चालवलं. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज." परत चालवलं, तेच. घाबरून मी पोर्ट ५००१ केला; सर्व्हर चालला, पण क्लायंटमध्ये ५००० ठोकून लिहिलेला! पार्टनरने माझ्याकडे असं बघितलं, की बॅकलॉगच दिसला मला तिच्या डोळ्यांत.

झालं होतं असं. टीसीपीत जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिला शेवटी टाइम-वेट मध्ये थांबावं लागतं. दोन कारणांसाठी: शेवटची पोच हरवली तर ती पुन्हा पाठवता यावी, आणि जुन्या कनेक्शनचं वाटेत रेंगाळलेलं पॅकेट नव्यात शिरू नये. १९८१ च्या आरएफसी ७९३ च्या हिशेबाने हे थांबणं चार मिनिटांचं, लिनक्समध्ये ६० सेकंदांचं. कंट्रोल-सी ने प्रोसेस मरतो, बिल्ले परत जातात, पण खणातली वस्तू कर्नल लगेच टाकत नाही. पोर्ट ५००० अजून तिच्या नावावर, म्हणून बाइंड अडतो. यावर उपाय म्हणजे बाइंडच्या आधी सेटसॉकऑप्ट() ने एसओ_रियूजॲडर लावणं. आमच्या वारसा-कोडमध्ये ती ओळ होती. "उगाच आहे" म्हणून मीच काढली होती.

सर हसले नाहीत. म्हणाले, "ती ओळ घालू नकोस. पोर्ट परत ५००० कर, मिनिटभर थांब, दोन्ही चालव, आणि या वेळी आधी क्लायंट बंद कर." आम्ही तिघं घड्याळाकडे बघत थांबलो. मग सर्व्हर चालवला, क्लायंट जोडला, क्लायंट बंद केला, नंतर सर्व्हर. लगेच सर्व्हर पुन्हा चालवला आणि तो पहिल्या फटक्यात लागला. नेटस्टॅटमध्ये टाइम-वेट दिसत होता, पण आता क्लायंटच्या बाजूला, कर्नलने त्याला दिलेल्या कुठल्याशा पोर्टवर. ५००० मोकळा होता.

"आता सांग," सर म्हणाले, "सॉकेट उघडलंस तेव्हा काय उघडलंस?"

"काही नाही, सर," मी म्हणाले. "बिल्ला घेतला."

पंचवीसपैकी सतरा मिळाले. पार्टनरला अठरा.