पाणमोट अकाली फुटली असता

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने वायव्येस सुमारे २५ किलोमीटर गेले म्हणजे काकोरीच्या पुढे मलिहाबाद लागते. दशहरी आंब्याच्या बागांमुळे हे गाव देशभर ठाऊक आहे. जून-जुलैमध्ये येथील कुटुंबेच्या कुटुंबे आंबे उतरविण्यात आणि पेट्या भरण्यात गढून गेलेली असतात. अशा दिवसांत सातव्या-आठव्या महिन्यातील एखाद्या गर्भवतीचे नेसूचे वस्त्र एकाएकी ओले झाले आणि कळा मात्र सुरू झाल्या नाहीत, तर ‘कळा येतील तेव्हा पाहू’ असे घरात ठरण्याचा संभव फार असतो. हा निर्णय समजुतीचा वाटला तरी घातक ठरू शकतो.

गर्भ ज्या पाण्यात तरंगत असतो, ते दोन पातळ पडद्यांच्या पिशवीत साठलेले असते. हीच पाणमोट. आठव्या महिन्याच्या सुमारास त्यात पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी असते. गर्भाला धक्क्यापासून वाचविणे एवढेच त्याचे काम नव्हे. गर्भ ते गिळतो, फुप्फुसांत घेतो व सोडतो, आणि त्यामुळेच फुप्फुसांची वाढ नीट होते. शिवाय न फुटलेली पाणमोट योनिमार्गातील जंतूंना वर जाऊ देत नाही. ती ३७ आठवडे भरण्यापूर्वी व कळांवाचून फुटली, म्हणजे हा अडसर दूर होतो. शंभर गर्भवतींपैकी सुमारे तिघींच्या बाबतीत असे घडते.

कारण पुष्कळदा सापडत नाही. योनिमार्गातील जंतुसंसर्ग, पूर्वीच्या बाळंतपणात असेच घडलेले असणे, जुळी मुले, गर्भारपणातील रक्तस्राव, धूम्रपान ही ज्ञात कारणे होत. सुनेने घागर उचलली किंवा ती जिना चढली म्हणून असे झाले, हा आरोप करण्यास सहसा काही आधार नसतो. तो ऐकून घेणाऱ्या स्त्रीचे दुःख मात्र दुप्पट होते.

पाणी नेहमीच लोंढ्याने येते असे नाही. कित्येकदा ते थेंबथेंब झिरपत राहते आणि लघवी समजून त्याकडे दुर्लक्ष होते. स्वच्छ कोरड्या कापडाची घडी घेऊन थोडा वेळ पडून राहावे. उठताच घडी पुन्हा भिजली व तिला लघवीचा वास नसला, तर शंका बळावते. पाणी हिरवट किंवा दुर्गंधी असल्यास क्षणाचाही विलंब नको. घडी टाकून न देता डॉक्टरांना दाखवावी. सुईणीने किंवा अन्य कोणी बोटे घालून तपासू नये. या एका गोष्टीचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत ढकलले जातात. नाळ बाहेर आलेली दिसली, तर स्त्रीने गुडघे व छाती टेकून कंबर उंच ठेवावी आणि तिला त्याच स्थितीत रुग्णालयात न्यावे.

उत्तर प्रदेशात गर्भवतीसाठी १०२ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. मलिहाबादेत सामूहिक आरोग्य केंद्र आहे. परंतु दिवस फार अपुरे असतील, तर अर्भकाची काळजी घेण्याची सोय असलेल्या लखनौतील मोठ्या रुग्णालयात, उदाहरणार्थ किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या क्वीन मेरी रुग्णालयात, पोचणे इष्ट. मूल जन्मल्यावर नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच नेणे केव्हाही सुरक्षित असते.

तेथे गेल्यावर लगेच प्रसूती केली जात नाही, याचे नातेवाइकांना नवल वाटते. ३४ आठवड्यांपूर्वी आई व गर्भ ठीक असतील, तर डॉक्टर वाट पाहतात. ही वाट मात्र पहाऱ्यातली असते. ताप, नाडीचा वेग, ओटीपोटाचे दुखणे आणि गर्भाचे ठोके यांवर सतत नजर ठेवली जाते व प्रतिजैविके दिली जातात. संसर्गाचे लक्षण दिसताच वाट पाहणे संपते. निम्म्याहून अधिक स्त्रिया आठवड्याच्या आतच बाळंत होतात. पण तेवढे दिवसही गर्भाच्या दृष्टीने मोलाचे असतात.

या अवधीत स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. मग ही स्वस्त औषधे खेडोपाडी का देऊ नयेत? नागपूर व बेळगाव ही केंद्रे ज्यांत सामील होती, अशा सहा देशांतील पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले आणि ते अनपेक्षित निघाले. लहान वजनाच्या मुलांचे मृत्यू घटले नाहीत. एकंदर अर्भकमृत्यू किंचित वाढले, आणि मातांमध्येही संसर्गाचे प्रमाण वाढलेले दिसले. गर्भाचे वय अंदाजाने ठरविल्यामुळे दिवस भरत आलेल्या अनेक स्त्रियांनाही इंजेक्शने मिळाली होती. उलट, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत सोनोग्राफीने वय निश्चित केलेल्या गर्भवतींना रुग्णालयांतच औषध दिले गेले. भारतासह पाच देशांतील त्या चाचणीत अर्भकमृत्यूचे प्रमाण शंभरी २३.५ वरून १९.६ वर आले. औषध त्याच जातीचे होते. फरक पडला तो तारखेच्या खात्रीमुळे आणि जन्मानंतरच्या शुश्रूषेमुळे.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद गर्भवतीने जपून ठेवावा आणि घाईत निघताना तो बरोबर घ्यावा. एकदा असा प्रसंग आलेल्या स्त्रीला पुढच्या खेपेस तो पुन्हा येण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. तेव्हा दिवस राहताच ही हकीकत आशा कार्यकर्तीच्या व डॉक्टरांच्या कानावर घालावी.