मूळचा अनाकार्डियम कोण, काजू की बिब्बा?

गडचांदूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या पानझडी रानात वाढणाऱ्या बिब्ब्याची ओळख अनेकदा 'काजूचा रानटी भाऊ' अशी करून दिली जाते. नाते खरेच आहे, दोघेही आंब्याच्या कुळातले. पण या ओळखीत काजू थोरला ठरतो आणि नावांचा इतिहास नेमके उलटे सांगतो. काजूचे शास्त्रीय नाव अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, बिब्ब्याचे सेमेकार्पस अनाकार्डियम. 'अनाकार्डियम'मध्ये ग्रीक हृदय दडले आहे. काजूची बी तर मूत्रपिंडासारखी वाकडी. हृदयाकार दिसतो तो काळा, चपटा बिब्बा. शिवाय लिनिअसने १७५३ मध्ये काजूला 'पश्चिमेचा' हे विशेषण लावले. पूर्वेचा आधीच ठाऊक असल्याशिवाय असे विशेषण सुचणे अवघड.

यावर काही जण म्हणतात, हृदयाकार आहे ते काजूचे बोंड, नाव त्यावरूनच पडले. हा तर्क काळाच्या हिशेबात बसत नाही. ब्राझीलचा काजू युरोपला कळला सोळाव्या शतकात. बिब्बा मात्र अरबांमार्फत 'बलाधुर' म्हणून कधीच पश्चिमेला पोचला होता आणि तिथल्या औषधांत 'अनाकार्डस' नावाने नांदत होता. नवव्या शतकातल्या अल-बलाधुरी या इतिहासकाराच्या नावातही तो आहे. स्मरणशक्तीसाठी बिब्बा घेतल्याने वेड लागले, अशी आख्यायिका त्या नावामागे सांगतात. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही अनाकार्डोवर स्वतंत्र संवाद आहे. वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार प्रजातीचे नाव आज काजूचेच, त्याबद्दल वाद नाही. थोरल्या लिनिअसच्या मुलाने बिब्ब्यासाठी 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ, अशी नवी प्रजाती केली, कारण त्याच्या रसाने परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत.

पण अंगावर उतणाऱ्या बिब्ब्याला खाण्याच्या फळांत कसे बसवायचे? खरे तर दोघांची रचना एकच. काजूच्या बोंडासारखाच बिब्ब्याचाही देठ फुगून केशरी, गरदार होतो आणि पिकल्यावर खाल्ला जातो. दाहक तेल असते ते टोकाच्या बीच्या कवचात; त्यातली लांब कार्बन-शेपटीची फिनॉल संयुगे कातडीवर फोड आणतात. काजूच्या टरफलातही याच घराण्यातली संयुगे असतात, फक्त काजूगर कारखान्यात भाजून, सोलून आपल्यापर्यंत येतो. बिब्ब्याचा गर, म्हणजे गोडंबी, हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवात पडते तीही सोललेली. तेल उडते ते बिब्बे फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर.