गोळी जागं ठेवते, झोप भरून देत नाही

रमजानचा दुसरा आठवडा लागला की टेलरच्या दुकानात दिवस आणि रात्र यांत फरक उरत नाही. कपाटात कापडाचे गठ्ठे, भिंतीवर मापांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक गिऱ्हाईक ‘ईदच्या आधी नक्की ना?’ असं विचारणारं. रात्री तरावीहची नमाज आटोपली की कारागीर मशीनवर बसतात, ते पहाटे सहरीलाच उठतात. बाजारपेठेतल्या अशाच एका दुकानाचे मास्टर गेल्या रमजानमध्ये भर दुपारी कुर्त्याची कॉलर शिवताना झोपले. पाय पायडलवर होता आणि बोट सुईखाली. सुई नखातून आरपार गेली तेव्हाच जाग आली.

दुकानातल्यांना वाटलं, जागरणानं डोळा लागला. मास्टरांना मात्र खरं कारण माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्यांना नार्कोलेप्सीचं निदान झालं होतं. माणसाला जागं ठेवण्यासाठी मेंदूत ओरेक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. या आजाराच्या अनेक रुग्णांमध्ये ते फार कमी पडतं. रात्री पुरेशी झोप झाली तरी दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता झोप येते. हा आळस नव्हे आणि मन लावून काम करत नाही असंही नव्हे. डॉक्टरांनी त्यांना मोडाफिनिलची एक गोळी रोज सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगितली होती आणि चार वर्षं सगळं सुरळीत होतं.

घड्याळ चुकलं

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि पोटात घ्यायचं औषधही नाही. मग सकाळच्या गोळीचं काय करायचं? मास्टरांनी स्वतःच तोडगा काढला. इफ्तारला खजूर, पाणी आणि त्याबरोबर गोळी. वरून हिशेब बरोबर दिसतो. दिवसातून एकदा गोळी, ती एकदाच घेतली. पण हे औषध पोटात गेल्यावर साधारण दोन ते चार तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वांत वर जातं आणि ते निम्म्यावर यायला सुमारे 15 तास लागतात. संध्याकाळी पावणेसातला घेतलेली गोळी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान ऐन जोरात असते. मास्टरांना रात्रभर झोप लागेना. झोप नाही तर शिलाई करू, म्हणून ते मशीनवर बसत. दुसऱ्या दिवशी दुपारी गोळीचा जोर उतरलेला, रात्रीची झोप बुडालेली आणि मूळ आजार तसाच. बोट सुईखाली गेलं ते या तिन्हींमुळे.

बोटाला पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाले, “मास्टर, औषध बरोबर होतं, घड्याळ चुकलं. रमजानच्या आधी एकदा यायचं होतं.” त्यांनी गोळीची वेळ सहरीच्या शेवटी, म्हणजे पाचच्या सुमारास लावून दिली. जेवणाबरोबर घेतल्यास तिचा परिणाम सुरू व्हायला तासभर उशीर लागू शकतो, पण दुकान उघडेपर्यंत तो पुरेसा आलेला असतो आणि रात्री झोपेच्या वेळी उतरू लागलेला असतो. एखाद्या दिवशी सहरीला जागच आली नाही तर ती गोळी इफ्तारला घ्यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन तर मुळीच नाही. त्या दिवशी मात्र मशीन, गाडी यांपासून दूर राहायचं.

ही वेळ मास्टरांसाठी ठरवलेली आहे, सर्वांसाठी नव्हे. कुणाला सकाळी आणि दुपारी अशा दोन मात्रा असतात, कुणाची दुसरी औषधं सुरू असतात. नार्कोलेप्सीत काहींना जोरात हसताना गुडघ्यांतून त्राण जाण्याचा त्रास होतो. त्यासाठी दिलेल्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर तो उलट उसळतो. त्यामुळे वेळ किंवा मात्रा बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

“एक गोळी आम्हालाही द्या”

दुकानात आणखी एक गोष्ट घडली होती, ती मास्टरांनी डॉक्टरांना ओशाळत सांगितली. त्यांना रात्रभर ताजंतवानं पाहून एक कारागीर म्हणाला, “मास्टर, एक गोळी आम्हालाही द्या, ईदपर्यंतच.” मास्टरांनी दिली. त्या कारागिराला रक्तदाबाचा त्रास होता. पहाटेपर्यंत त्याची छाती धडधडत राहिली. घरातही पुतण्याच्या दहावीच्या परीक्षेसाठी वहिनींनी दोन गोळ्या मागून ठेवल्या होत्या.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, त्यामागे कारणं आहेत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मानसिक आजार असेल तर ती द्यायची की नाही हे तपासूनच ठरतं. डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थता, तोंड कोरडं पडणं, भूक मंदावणं हे नेहमी आढळणारे त्रास. क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं. पुरळ, तोंडात फोड किंवा चेहऱ्यावर सूज दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रोजा असला तरी. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधानं कमी होतो, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर ती काळजी घ्यावी लागते. गरोदरपणात ते टाळायला सांगतात. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा फिटची औषधं सुरू असतील तर तेही आधी सांगायला हवं. शेजाऱ्याच्या पाकिटातून गोळी घेताना यातलं काहीच तपासलं जात नाही.

चहाचंही तसंच. सहरीला गोळीवर कडक चहाचे तीन कप घेतले तर धडधड वाढते. दुपारी चहा आणि पाणी दोन्ही नसल्यानं डोकं ठणकतं आणि दोष गोळीला जातो. त्यावर उपाय साधा आहे. रमजानच्या आधीच चहा हळूहळू कमी करावा आणि इफ्तार ते सहरी या वेळात थोडं थोडं करून भरपूर पाणी प्यावं.

आजार की अपुरी झोप?

रमजानमध्ये दुपारी पेंग येणाऱ्या प्रत्येकाला आजार नसतो. रात्री साडेअकराला पाठ टेकली आणि सव्वाचारला उठलं तर पाच तासही झोप होत नाही. प्रौढ माणसाला किमान सात लागतात. ही तूट गोळीनं भरत नाही. फज्रच्या नमाजनंतर तास-दोन तास आणि दुपारी अर्धा तास झोपून ती बरीच भरते. दुपारच्या या विश्रांतीला कैलुला म्हणतात आणि ती पैगंबरांची सुन्नत मानली जाते.

वर्षाच्या इतर महिन्यांतही दिवसा झोप आवरत नसेल तर मात्र तपासणी हवी. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेली एपवर्थ मोजपट्टी डॉक्टर वापरतात. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबली असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांकडे जावं. कारण कधी थायरॉईडमध्ये किंवा रक्त कमी असण्यात सापडतं, कधी सर्दीच्या गोळीत, तर कधी घोरण्यात. झोपेत श्वास अडण्याचा आजार असेल तर गोळी फक्त दिवसाची पेंग कमी करते, श्वास मोकळा करत नाही. अशांनी हवेचा मास्क फज्रनंतरच्या आणि दुपारच्या झोपेतही लावायला हवा.

मधुमेहींनी तर पेंग म्हणून सोडून देऊच नये. रोज्यात घाम, थरथर आणि गुंगी एकत्र आली तर लगेच साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल तर त्याच क्षणी रोजा सोडायचा.

सवलत आहे, ती घ्यावी

कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे. सुटलेले रोजे पुढे पूर्ण करता येतात, आणि आजार कायमचा असेल तर एका रोज्याबदल्यात एका गरजूला जेवू घालण्याचा, फिद्याचा मार्ग आहे. सहरीची एक गोळी ज्यांना पुरत नाही आणि ज्यांच्या हातात स्टिअरिंग किंवा यंत्र आहे, त्यांनी डॉक्टरांचं मत घेऊन मौलानांशी बोलावं. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणारे किंवा निर्जळी एकादशी धरणारे शेजारी असोत, की एमआयडीसीत रात्रपाळी करणारे. रोजची गोळी सुरू असेल तर वेळ आधी विचारून घ्यायची, हा नियम सगळ्यांना सारखाच.

यंदा मास्टर रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्येच डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळी सहरीला. तरावीहनंतर साडेदहाला अंथरूण. जोहरच्या नमाजनंतर कटिंगच्या टेबलाखाली अर्धा तास आडवं होणं, आणि तेवढा वेळ मशीन बंद. गोळ्यांचं पाकीट घरच्या कपाटात कुलपात. आणि दुकानाच्या दारावर ‘ईदची ऑर्डर बंद’ ही पाटी दरवर्षीपेक्षा आठ दिवस आधीच लागली आहे. चार गिऱ्हाइकं नाराज होऊन परत गेली. बाकीच्यांचे कपडे चाँदरातीच्या आधी तयार होतील, असं मास्टर सांगतात.