पेशी व रेणू यांचें शास्त्र आणि त्याची लवकर मिळणारी पदवी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. सध्यां ती बी. एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षांत आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिनें विचारलें, "सर, मला पेशी आणि रेणूंच्या शास्त्रांत एम्. एस्‌सी. करायची आहे. ती लवकर होईल असा कांहीं मार्ग आहे का?" प्रथम मला वाटलें, ही आजकालच्या मुलांची नेहमींची घाई. परंतु दिवाळी होतांच तिचे आईवडील ऊसतोडीसाठीं गुजराथेंत जातात, हें मला ठाऊक होतें. ज्या घरांत मुलीच्या शिक्षणाचें एकेक वर्ष कोयत्याच्या कमाईवर चालतें, त्या घरानें एक वर्ष वांचविण्याचा विचार केला, तर त्यास उतावीळपणा म्हणतां येणार नाहीं. तिला जें सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें लिहितों. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाहीं.

प्रथम हें शास्त्र कोणतें, तें पाहूं. सर्व सजीवांचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, हें आपण शाळेंत शिकतों. पेशींत चालणारें काम शेवटीं कोणते रेणू करतात आणि तें कसें करतात, याचा शोध घेणें हें या शास्त्राचें काम होय. याचें उदाहरण धुंडीत खांडबाऱ्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा विकार आहे. निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. या विकारांत प्राणवायु कमी पडला कीं ती विळ्यासारखी वांकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि रोग्यास सांध्यांत व हाडांत असह्य वेदना होतात.

असें कां व्हावें? इ. स. १९४९ मध्यें लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, रोग्याचें हिमोग्लोबिनच निराळें असून विद्युत्‌क्षेत्रांत तें निराळ्या गतीनें सरकतें. एखाद्या रोगाचें मूळ एका रेणूंत आहे असें सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. पुढें १९५६ मध्यें केंब्रिज येथें व्हर्नन इनग्राम यांनीं तो फरक नेमका हुडकून काढला. हिमोग्लोबिनच्या बीटा नामक साखळींत १४६ अमिनो आम्लें ओवलेलीं असतात. त्यांतील सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन बसतें. एवढाच तो दोष! परंतु त्या एका बदलामुळें हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या लांब कांड्या बनतात आणि पेशीचा आकार बिघडवितात. आई व बाप दोघेही केवळ वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हा हिशेब दर खेपेस नव्यानें मांडावा लागतो. पहिलें मूल रोगी निघालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं, असें नव्हे. आपल्याकडे पुष्कळांचा येथेंच घोटाळा होतो.

आतां पदवीच्या काळाकडे वळूं. थोड्या काळांत मोठी पदवी मिळविण्याचें एक उदाहरण मराठी माणसांतच आहे, आणि तें याच शास्त्राच्या अंगणांतलें आहे. इंदूर येथें जन्मलेल्या कमला भागवत (पुढें डॉ. कमला सोहोनी, सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी) या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. झाल्या. वडील व चुलते दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंतून शिकलेले. तेव्हां आपणही तेथेंच संशोधन करावें असें त्यांनीं ठरविलें. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनीं अर्ज नाकारला. कमलाबाईंनीं माघार न घेतां त्यांच्या दारीं सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून: पहिलें सबंध वर्ष उमेदवारीचें राहील, आणि काम पसंत पडल्यावांचून त्यास मान्यता मिळणार नाहीं. सर रामन यांच्या शास्त्रीय थोरवीविषयीं कोणास शंका नाहीं, परंतु या प्रसंगीं त्यांचें वागणें न्यायाचें नव्हतें, असें म्हटलेंच पाहिजे. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केलें आणि १९३६ सालीं एम्. एस्‌सी. पदवी विशेष प्राविण्यानें मिळविली.

म्हणजे एम्. एस्‌सी.स तीन वर्षें लागलीं. मग १९३७ मध्यें त्या केंब्रिजला गेल्या. तेथें बटाट्यावर काम करतांना त्यांना आढळलें कीं, पेशीच्या श्वसनांत भाग घेणारें सायटोक्रोम सी हें प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतें. हा शोध मांडणारा त्यांचा प्रबंध केंब्रिजला पोंचल्यापासून चौदा महिन्यांच्या आंत सादर झाला, आणि त्याचीं पानें होतीं अवघीं ४०! १९३९ सालीं त्या पीएच्. डी. झाल्या; विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. चौदा महिन्यांची ही गोष्ट लोक कौतुकानें सांगतात, बंगळूरचीं तीन वर्षें मात्र विसरतात. प्रथिनें शुद्ध करण्याचा हात तेथें बसला होता, म्हणून केंब्रिजला शिकाऊपणांत वेळ गेला नाहीं. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं निरेवर संशोधन करून कुपोषित आदिवासी मुलें व गरोदर स्त्रिया यांस ती पोषक ठरते असें दाखविलें, हें आपल्या भागानें तरी ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंत "त्वरित" एम्. एस्‌सी.ची योजना अनेक विद्यापीठांत आहे. तेथें पहिली पदवी चार वर्षांची व पुढली सामान्यतः दोन वर्षांची. हुशार विद्यार्थी चौथ्या वर्षींच वरच्या पदवीचे कांहीं विषय घेतो, ते दोन्ही पदव्यांत मोजले जातात, आणि सहांचीं पांच वर्षें होतात. आपल्याकडे तीन आणि दोन मिळून पांच वर्षें पूर्वींपासूनच आहेत! २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणारास एम्. एस्‌सी. एका वर्षांत करतां येते. पण चार आणि एक हेही पांचच. "एका वर्षांत एम्. एस्‌सी." अशी जाहिरात पाहून कोणी हुरळूं नये. बारावीनंतर थेट पांच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रमही असतो. पुण्याची आयसर ही संस्था २००६ पासून आहे, तेथें तो चालतो. त्यांतही वर्षें तितकींच, मात्र मध्यें पुन्हा प्रवेशासाठीं धांवाधांव करावी लागत नाहीं.

प्रयोगांचा वेळ तर कोणासच कमी करतां येत नाहीं. प्रयोगशाळेंतील ई. कोलाय हा जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतो. माणसाच्या वाढविलेल्या पेशींस त्यासाठीं बहुधा सबंध दिवस लागतो. त्यांत बुरशी शिरली तर सर्व फेंकून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो एका वर्षांत प्रबंध लिहिण्याचें वेळापत्रक आंखतो आणि मार्च महिन्यांत रडकुंडीस येतो.

मग वर्ष वांचतें कोठें? माझ्या पाहण्यांत आपल्या मुलांचें वर्ष अभ्यासांत जात नाहीं, दोन पदव्यांच्या मधल्या फटींत जातें. जॅम ही परीक्षा फेब्रुवारींत होते, तिचे अर्ज मात्र आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुटतात. तें कळेपर्यंत मुदत टळलेली असते. सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्यानें चालणाऱ्या वर्गांसाठीं जी. ए. टी. बी. नांवाची निराळी परीक्षा आहे. त्या वर्गांत विद्यावेतन मिळतें, ही गोष्ट अनेकांच्या कानींही नसते. जातपडताळणीच्या प्रमाणपत्राचा अर्ज तर निकालाची वाट न पाहतां आधींच करून ठेवावा. एका कागदापायीं प्रवेश हुकलेला विद्यार्थी मीं स्वतः पाहिला आहे.

हें सारें त्या मुलीनें वहींत उतरून घेतलें. मग वहीच्या पुठ्ठ्यांतून एक कार्ड काढून तिनें माझ्यापुढें ठेवलें. तें सिकलसेल तपासणीचें होतें. त्यावर ती वाहक असल्याची नोंद होती. "हें कसें ओळखतात, तें मला स्वतःच्या हातानें करून पाहायचें आहे," असें ती म्हणाली. सांजेच्या गाडीची वेळ होत आली होती. तिला तिसऱ्या वर्षानंतर चौथें वर्ष घेण्याचा सल्ला मीं दिला. कारण त्या वर्षांत संशोधनाचा प्रकल्प करतां येतो, आणि कांहीं अडचणीमुळें शिक्षण सोडावें लागलें तरी तीन वर्षांची पदवी हातीं राहते. आईला विचारून कळवितें, असें सांगून ती स्टेशनाकडे गेली.