गोष्टीचं जग, खेळाचं जग

२०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात, शिबला-पारडी भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून काळे दगडी खांब उघडे पडले. एकाला एक खेटून उभे आणि बरेचसे सहा बाजूंचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेला लाव्हा सावकाश थंड होत आकसला, त्याला षटकोनी तडे गेले आणि ते तडे खालपर्यंत उतरत गेले, एवढंच त्यामागचं शास्त्र. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असे सुमारे ४० हजार खांब आहेत. ते फिन मॅक्कूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला चालत जाण्यासाठी रचले, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

आता या खांबांपुढे अद्भुतकथांचे तीन शौकीन उभे करा. पहिला विचारेल, हे कुणी उभारले आणि त्याचं पुढे काय झालं? दुसरा विचारेल, उभारणाऱ्यांचं राज्य कुठवर होतं, त्यांची भाषा कोणती, ते मीठ कुठून आणत? तिसरा म्हणेल, खांबांच्या मागे आत जायला वाट आहे का? असेल तर मी निघालो. तिघेही स्वतःला अद्भुताचे वेडे म्हणवतात, पण एकाला आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातून विसाव्या पानावर गळून पडतं. त्यांना हवं तरी काय असतं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

मराठी वाचकाला पहिल्या शौकिनाची ओळख सर्वांत जुनी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजपुत्र, सुंदरी, अरण्य, कपट आणि शेवटी मीलन असा सगळा सरंजाम त्यांत आहे. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. पुढे वि. का. राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन धारांची चर्चा केली. ती चर्चा आपल्याकडे पुढे वास्तवाच्या बाजूने इतकी कलली, की अद्भुत हा मुलांचा खाऊ ठरला. मला हे मराठी वाङ्मयाचं मोठं नुकसान वाटतं. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ज्यांनी चोरून, दिव्याच्या उजेडात वाचली, त्या वाचकांची भूक मुलांची नव्हती.

ती भूक पुढे बराच काळ ‘चांदोबा’ने भागवली. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं हे मासिक १९५२ साली मराठीत आलं. मांत्रिक, राक्षसांची खोरी, पाताळातले किल्ले यांनी भरलेल्या दासरी सुब्रह्मण्यम यांच्या क्रमशः कादंबऱ्या तेलुगूतून इतर भाषांत गेल्या. यवतमाळहून पैनगंगेपलीकडे तेलुगू बोलणारा मुलुख सुरू होतो. नदीच्या दोन काठांवरची मुलं दोन भाषांत एकाच राक्षसाला भीत होती. आणि दर महिन्याला विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकत होता. वेताळाची अट काय होती? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. हा शुद्ध खेळाचा नियम आहे. दोन्ही बाजूंनी राजा अडकतो, आणि ऐकणारा मनात स्वतःचं उत्तर शोधू लागतो.

दुसऱ्या शौकिनाचं दैवत म्हणजे टोल्किन. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली आली. मुग्धा कर्णिकांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. या कादंबरीच्या शेवटी वंशावळी, पंचांगं, लिप्या आणि शेकडो वर्षांच्या नोंदी आहेत. काही वाचक तिथे पोचतच नाहीत, तर काही तिथेच मुक्काम ठोकतात. गाणी गाळून लढाया वाचणारा आणि लढाया भराभर उलटून नकाशावर बोट फिरवणारा, दोघांनी एकच पुस्तक वाचलं असं म्हणणं कठीण आहे. कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी तर एका मुलाखतीत विचारलं होतं, की टोल्किनचा अरागॉर्न चांगला राजा झाला हे ठीक, पण त्याचं करधोरण काय होतं? दुसरे कादंबरीकार ब्रँडन सँडरसन जादूचेही नियम मागतात. वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच ती वापरून पेच सोडवावा, असा त्यांचा आग्रह आहे. उलट अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’त (१९६८) जादूच्या प्रत्येक वापराने जगाचा तोल ढळतो, आणि कथेचा सावळ्या वर्णाचा नायक ते चुकांतून शिकतो. मला स्वतःला ही जादू जास्त खरी वाटते.

तिसऱ्या शौकिनासाठी १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून एक खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र, त्याचे गुण आणि उणिवा कागदावर मांडलेल्या. एक जण डन्जन मास्टर होतो. समोर काय दिसतंय ते तो सांगतो आणि विचारतो, ‘तुम्ही काय करता?’ जिथे यशाची खात्री नसते, तिथे फासा पडतो, बहुधा वीस बाजूंचा. हार-जीत नाही, पट असलाच पाहिजे असंही नाही. गोष्ट सगळ्यांच्या तोंडून घडते आणि पुढच्या बैठकीत तिथून सुरू होते.

या खेळासाठी छापील जगं तयार झाली आणि तिथेच आवडीनिवडींचे खरे तट पडले. १९८०चं ‘ग्रेहॉक’ म्हणजे मोठे नकाशे आणि सोबत बत्तीस पानांची चोपडी. एकेका देशाला थोडक्या ओळी, बाकी तुमचं तुम्ही भरा. कॅनडातले ग्रंथालय कर्मचारी एड ग्रीनवुड लहानपणापासून जे जग मनात रचत आले, ते १९८७ साली ‘फरगॉटन रेल्म्स’ म्हणून आलं. त्यावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या निघाल्या, आर. ए. साल्वातोरे यांचा द्रिझ्ट हा नायक वाचकांच्या गळ्यातला ताईत झाला. खेळणाऱ्यांची तक्रार मात्र नेमकी तिथेच सुरू झाली. या जगात जिथे जावं तिथे कादंबरीतला कुणी थोर जादूगार आधीच हजर. मग आमच्या पात्रांनी करायचं काय? ‘ड्रॅगनलान्स’मध्ये (१९८४) कादंबरी आणि खेळ जोडीनेच आले होते, तिथे ही ओढाताण जास्तच जाणवली. मार्गरेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची कादंबरी ज्यांनी मिटक्या मारत वाचली, त्यांतल्याच काहींना खेळताना वाटलं, की आपण आधीच आखलेल्या वाटेवरून चालतो आहोत.

मला या साऱ्या वादाचं मूळ इथे दिसतं. कादंबरीचं जग भरत जाऊन पुरं होतं, आणि त्या पुरेपणातच वाचकाचं सुख असतं. खेळाचं जग अपुरं राहिलं तरच त्यात पाऊल ठेवता येतं. ग्रीनवुड यांनाही हे ठाऊक असावं. त्यांच्या नकाशावरचा सेंबिया हा प्रांत डन्जन मास्टरांसाठी मुद्दाम मोकळा सोडला गेला होता.

आणखी एक जग इथे सांगायलाच हवं. १९९१चं ‘डार्क सन’. अथास नावाची करपलेली भूमी, पाणी दुर्मिळ, लोखंड सोन्याहून महाग. इथे मंत्राला लागणारं बळ झाडाझुडपांतून खेचून घ्यावं लागतं. घाईने ओरबाडणारा मांत्रिक मागे राख सोडतो आणि त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. जपून घेणाऱ्याची ताकद हळू वाढते, पण माती जिवंत राहते. यवतमाळातल्या केळापूर-राळेगावच्या कोरडवाहू पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उभं राहून हे वाचणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. पण ज्या घराने नापिकी आणि कर्ज पाहिलं, त्या घरातल्या मुलीला अथास नको असेल, टोल्किनच्या हॉबिटांची हिरवीगार गावंच हवी असतील, तर तिच्या आवडीला कुणी पळपुटी म्हणू नये. लेखक मायकेल मूरकॉक यांनी १९७८ साली टोल्किनच्या लेखनावर तसा ठपका ठेवला होता. त्याच्या कितीतरी आधी, १९३९च्या व्याख्यानात टोल्किन यांनी सांगून ठेवलं होतं, की तुरुंगातल्या माणसाने घराचा विचार करणं हा गुन्हा नव्हे. इथे मी टोल्किनच्या बाजूने आहे.

आता आपल्या रानाकडे येतो. नागपुरातले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून गोंडांच्या लिंगोची गाथा टिपून घेतली. १८६३ साली ते बुडून वारले आणि १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे कागद छापले. गुहेत कोंडलेले गोंड, त्यांना सोडवणारा लिंगो, पक्ष्याची पिल्लं गिळणारा महानाग, पूर आलेल्या नदीत दगा देणारी मगर आणि तारून नेणारं कासव हे सगळं त्यात आहे. जेम्स फोरसिथ यांनी १८७१ साली ही गाथा इंग्रजी पद्यात रचली ती लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर, आणि ‘हायवाथा’ची चाल फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतलेली. त्याच ‘कालेवाला’ने विद्यार्थिदशेतल्या टोल्किनला झपाटलं आणि तिथून त्याच्या जगाची सुरुवात झाली. लिंगो आणि टोल्किन यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे.

लिंगोची गाथा ज्यांची आहे, त्यांच्यासाठी ती आजही जिवंत श्रद्धा आहे; गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला हजारो लोक जातात. म्हणून तिच्यातली दैवतं उचलून खेळातली लूट करणं मला मान्य नाही. पण ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘ग्लोरँथा’ या जगाने (त्यावरचा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ १९७८चा) दुसरी वाट दाखवली आहे. तिथे पात्रं आपल्या जमातीच्या पुराणकथेत शिरतात आणि ती पुन्हा जगतात. प्रत्येक टोळीची कथा वेगळी आणि प्रत्येकीची खरी. दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलाम वस्त्यांत दंडार नाचते, तेव्हा नाचणाऱ्यांना ही गोष्ट कुणी समजावून द्यावी लागत नाही. अलीकडे भारतीय वंशाचे लेखकही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आपला मुलुख आणू लागलेत. अजित जॉर्ज यांचं ‘कालकेरी’ २०२१चं, मिमी मंडल यांचं बंगालच्या मातीतलं ‘मणिवर्षा’ २०२२चं.

मराठीत असं जग उभं करायचं तर यवतमाळने सामान आयतंच दिलेलं आहे. कळंबचं चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली, त्यात कुंड, आणि बारा वर्षांनी त्याचं पाणी गणेशाच्या पायाला लागतं अशी श्रद्धा. उमरखेडकडे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. टिपेश्वरचं वाघांचं सागवानी रान, वणीच्या पोटातला कोळसा, टेकड्यांवरची कोलाम पोडं, म्हणजे वस्त्या. कोलाम मित्रमैत्रिणी टेबलाशी असतील तर पोडांचं काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे त्यांनीच ठरवावं.

कायद्याची आडकाठीही उरलेली नाही. जानेवारी २०२३मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली आले, श्रेय देऊन ते कुणीही कुठल्याही भाषेत छापू शकतं, त्यावर स्वतःचं जग रचू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत चार भावंडं जमली, की पहिला प्रसंग छोटा ठेवावा. पैनगंगेला पूर, पलीकडच्या पोडावर औषध पोचवायचं आहे, नाव वाहून गेली. एवढं सांगून डन्जन मास्टरने थांबावं आणि विचारावं, ‘तुम्ही काय करता?’